मातीची हाक

मी जोतीराम. नव्या पेठेत माझं सन्मानचिन्हांचं दुकान आहे. ढाली, चषक, काचेच्या पट्ट्या, त्यावर नावं कोरून देतो. सोलापुरात सत्काराशिवाय दिवस जात नाही, त्यामुळं पोट भरतं. दुसऱ्याचं कौतुक करायला निघालेली माणसं माझ्या दुकानात येऊन घासाघीस करतात. एवढ्यावरून माझं माणसांबद्दल काय मत असेल ते ओळखा.

दर बुधवारी सकाळी मी ‘स्नेहसंपर्क’च्या बैठकीला जातो. सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही धंदेवाईक मंडळी जमतो. इडली खायची, एकेकानं उठून आपला धंदा सांगायचा आणि एकमेकांना गिऱ्हाईक द्यायचं. अहो रूपम् अहो ध्वनिः, दुसरं काही नाही. पण ढाली खपतात, म्हणून जातो.

हे मंडळ उभं केलं अभिमन्यूनं. मूळचा कुर्डुवाडीचा, रेल्वेच्या वर्कशॉपातल्या फिटरचा मुलगा. पुण्यात एका जाहिरात कंपनीत काही वर्षं राबला, पण तिथं त्याचा जीव लागेना. मार्केटिंगच करायचं तर आपल्या माणसांत करू, असं ठरवून तो सोलापूरला आला. इथं त्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. बाळीवेशीत गुरुबसप्पांच्या घराच्या वरची खोली त्यानं भाड्यानं घेतली, आणि तेवढं एक त्याच्या नशिबानं चांगलं झालं.

गुरुबसप्पा म्हणजे रिक्षावर दोन कर्णे बांधून गावभर पुकारा करणारा माणूस. साड्यांचा सेल असो, सर्कस असो, उद्या नळाला पाणी नाही हे सांगायचं असो, गावानं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं. आधी मराठीत सांगायचे, मग कन्नडमध्ये, आणि पूर्व भागात शिरले की तेलुगूत. पुढं घरोघरी मोबाईल आले आणि त्यांची रिक्षा दारात बसली. पण माणसं तुटली नव्हती. अभिमन्यूला घेऊन ते दुकानादुकानात फिरले. “आमचा पोरगा हाय ह्यो, जरा बघा की,” एवढंच म्हणायचे. आमचं मंडळ त्या एका वाक्यावर उभं राहिलं, बाकी सगळी सजावट.

त्यांची एक रीत होती. कुणी वारलं की आमच्याकडं ‘मातीला जायचंय’ म्हणतात. लग्न चुकलं तर माफ, माती चुकली तर नातवंडांच्या काळातही उणं काढलं जातं. त्या मातीची वेळ गावाला सांगायचं काम गुरुबसप्पा फुकट करायचे. आणि नुसतं सांगून थांबायचे नाहीत. अंत्ययात्रा निघाली की कर्णे बंद करून, रिक्षा सगळ्यांत पुढं हळूहळू चालवायचे. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, “हाक आपन घातली तर पुढं आपनच चालायचं. न्हाईतर हाक खोटी पडती.”

यंदा अभिमन्यूनं होटगी रोडच्या एका मोठ्या सभागृहात मंडळाचा महामेळावा घेतला. पुण्याच्या त्याच्या जुन्या कंपनीतल्या संस्कृती मॅडम पाहुण्या म्हणून येणार होत्या. हॉल भरलेला दिसला तर कंपनी सोलापुरात ऑफिस उघडणार आणि ते अभिमन्यूच्या हातात देणार, असं बोलणं झालं होतं. नाही दिसला तर त्याला गाशा गुंडाळून परत पुण्याला जावं लागणार होतं. माझ्या दुकानात बसून त्यानं हे सांगितलं तेव्हा चहावर साय धरली तरी त्याचं कपाकडं लक्ष नव्हतं. पुण्यातल्या त्या भाड्याच्या खोलीत, मेसच्या डब्यावर पुन्हा दिवस काढायचे नाहीत, म्हणाला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी ढाली मांडत होतो. अभिमन्यू माईक तपासत होता. तेवढ्यात त्याला चंद्रव्वांचा, म्हणजे गुरुबसप्पांच्या बायकोचा फोन आला. गुरुबसप्पा पहाटे झोपेतच गेले होते.

तो स्टेजच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला दगडाच्या काळजाचा म्हणाल. तो तसा नव्हता. चंद्रव्वांनी फोनवर एकच विचारलं होतं, सगळ्यांची हाक त्यांनी घातली, आता त्यांची कोण घालणार?

अभिमन्यूनं डोळे पुसले, रिकाम्या हॉलमध्ये माईक हातात घेतला आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलं. गुरुबसप्पा बोलायचे तस्संच, तेच लांबवलेले शब्द, तोच मधला थांबा.

“ऐका मंडळी, ऐका. तुमच्या घरच्या मातीला ज्यांनी हाक घातली, ते बाळीवेशीचे रिक्षावाले गुरुबसप्पा आज पहाटे लिंगैक्य झाले. माती दुपारी चारला, राहत्या घरून निघेल. आजवर त्यांनी तुम्हाला बोलावलं. आज त्यांना पोचवायला या.”

शेवटी त्यांनीच शिकवलेल्या मोडक्या कन्नडमध्ये त्यानं तेच पुन्हा सांगितलं. हॉलभर तो आवाज घुमला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग त्यानं ते त्याच्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं. मेळावा तीनला सुरू होणार होता. मॅडमचं भाषण लावून देतो आणि मधे तासभर मातीला जाऊन येतो, असं तो म्हणाला. मलाही ते पटलं. एकाच वेळी दोन पंगतींना जेवता येतं असं आम्हाला त्या दिवशी वाटलं खरं.

तीनला हॉल गच्च भरला. मॅडम खूश दिसत होत्या. सत्कार सुरू झाले, माझ्या ढाली हातोहात चालल्या होत्या. आणि मग लोकांच्या खिशातले मोबाईल बोलू लागले. सकाळची ती हाक गावभर फिरून, मेहुण्याच्या, शेजाऱ्याच्या, गावाकडच्या ग्रुपातून परत येत होती. ज्यांनी सकाळी ऐकली नव्हती ते खुर्चीत बसून मान खाली घालून ऐकत होते. पहिला उठला तो केटरिंगवाला रेवणसिद्ध. त्याच्या बापाच्या मातीची हाक गुरुबसप्पांनी घातली होती. मग त्याच्या शेजारचा, मग एक अख्खी रांग. कुणी गडबड केली नाही. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून जपून पावलं टाकत माणसं बाहेर पडली. थोड्या वेळानं नुसत्या खुर्च्या उरल्या.

मला वाटलं, संपलं. मॅडमनी काय झालं ते विचारलं. अभिमन्यूनं खालमानेनं मोबाईल पुढं केला. त्यांनी ती हाक ऐकली, पुन्हा ऐकली. त्या गुरुबसप्पांना ओळखत नव्हत्या, त्यांच्या चेहऱ्यावर दुःख येण्याचं कारण नव्हतं. तिथं आली ती उत्सुकता. हॉल आम्हीही भरून दाखवतो, म्हणाल्या, पण एवढ्याशा वेळात रिकामा करून दाखवणारा माणूस आम्हाला मिळालेला नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याला बसायला सांगितलं.

मी त्याचं कोपर धरलं. आता थांबायला काही उरलं नाही, गाडी काढतो, चल, म्हणालो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग त्या खुर्चीकडं पाहिलं.

“काका, तुम्ही व्हा पुढं,” म्हणाला. “मी आलोच.”

बाळीवेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. नगरसेवकाच्या मातीला मी एवढी माणसं पाहिलेली नाहीत. गुरुबसप्पांना लिंगायत रीतीनं फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवलं होतं. कपाळाला विभूती, डोळे मिटलेले, सिग्नलला रिक्षा थांबवून बसल्यासारखे दिसत होते. गल्लीतल्यांनी त्यांची जुनी रिक्षा ढकलत आणून पुढं लावली होती. विधीला आलेल्या मठाच्या स्वामींनी विचारलं, हाक कुणी घातली, त्याला पुढं घ्या. सगळे इकडं तिकडं बघू लागले. कुणीतरी फोन लावला, तो उचलला गेला नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी पुन्हा विचारलं. मग ऊन उतरायला लागलं तसे सगळे निघाले. रिक्षाच्या पुढं कुणीच नव्हतं. आजवर सगळ्यांच्या पुढं चाललेल्या माणसाच्या पुढं मोकळा रस्ता होता, आणि तो रस्ता बघवत नव्हता. मला अभिमन्यूचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

माती देऊन आम्ही परत आलो. दारात पाय धुवायला पाण्याचं पिंप ठेवलं होतं, मी तिथंच उभा होतो. दिवेलागणीला अभिमन्यू आला. मेळाव्याचाच सदरा, छातीवर नावाचा बिल्ला तसाच. माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, ऑफिस मिळालं, काका. आनंदानं नाही, चुकून उष्टं खाल्लेलं पोर आईला सांगतं तसं. मी त्याचा बिल्ला काढून खिशात टाकला.

चंद्रव्वा उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही. आवाजावरून त्यांनी त्याला ओळखलं, जवळ घेतलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

“तम्मा, केवढी मानसं आनलीस रं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी सुदिक कधी एवढी आनली न्हाईत. स्वामी विचारत हुते म्हनं, हाक घालनारा कुटं हाय. मी म्हनलं, हितंच आसंल, पुढं ग्येला आसंल. पुढंच हुतास न्हवं?”

घरात माणसं होती. रेवणसिद्ध होता, स्वामी होते, गल्ली होती. सगळ्यांना माहीत होतं.

“व्हय अव्वा,” अभिमन्यू म्हणाला. “पुढंच हुतो.”

त्यांनी मान हलवली. समाधान झालं त्यांचं. शेजारच्या बायकांना कन्नडमध्ये सांगितलं, हाच तो, ह्यानंच हाक घातली, हाच पुढं चालला. मग त्याला म्हणाल्या, मातीतनं आलास, पाय धू आणि आत ये, शेजारनं भाकरी आली हाय.

तो पिंपाजवळ आला. मी तांब्या भरून त्याच्या पायांवर पाणी ओतलं. पाय स्वच्छच होते, पाणी जसं पडलं तसंच नितळ वाहून गेलं. तरी तो खाली वाकून घोटे चोळत राहिला, आणि मी दुसरा तांब्या भरला.