रुबार्बखालचा खंदक

त्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये बागेला पाणी घालायची बंदी होती. सगळ्यांची हिरवळ वाळून गेली. मिसेस टॅपस्कॉटच्या परसातला रुबार्ब मात्र छत्रीएवढ्या पानांनी माजला होता. त्याचे आंबट देठ कोणी खात नसे. त्याच्याखाली दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यावेळी लपायचा खंदक होता, पन्हळी पत्र्याचा, बाईंच्या वडिलांनी नंतर वरून मातीने झाकून टाकलेला.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. बाईंना आता जिना चढवत नव्हता. भाची त्यांना त्या शनिवारी कायमचं ब्रायटनला न्यायला आली, तर बाई खुर्चीतून हलेनात.

"सिरिल त्या खंदकात असताना मी कशी जाऊ?"

"मावशी, सिरिलमामाला चर्चमागे पुरलंय. तूच फुलं नेतेस ना?"

"पुरलंय ते ठाऊक आहे मला, वेडी नाही मी! पण तो जायचा कुठून? बॉम्ब पडला नि पुढचं तोंड ढिगाऱ्याने बुजलं, मागचा पत्रा बोल्टने आवळलेला. नट आतून सोडवायचा पाना बाबांनी नळ दुरुस्त करायला घरात नेला होता. पोराचा श्वास कोंडला तिथे."

भाची रडायला लागली. मी म्हटलं, "मागचा पत्रा मी उघडते. आत कोणी नाही हे बघा आणि मग निघा. चालेल?"

"उघड. पण बोलत बोलत खण गं, घाबरेल तो."

माती विटेसारखी कडक होती. रुबार्बची मुळं पत्र्याला बिलगली होती. इतक्या वर्षांत तिथे कुदळ लागली नव्हती. बोल्ट कापायला मी करवत आणली होती. तिची गरज पडली नाही. पहिला बोल्ट बोटांनीच ओढला गेला. मग बाकीचेही. एकालाही नट नव्हता, आणि आटे चकचकीत होते. मातीत पुरलेलं लोखंड असं राहत नाही.

बाईंच्या वडिलांनीच आधी नट काढले असतील, असं मी मनाशी म्हटलं. पण मग मातीच्या भाराने पत्रा आत पडला असता.

तो बाजूला सरकवला. आत कोरडं होतं, रिकामं होतं. फळीवर सगळे नट ओळीने मांडलेले होते.

मी बाईंना धरून आणलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि मग चक्क हसल्या.

"सुटला! लबाड, एका शब्दाने सांगितलं नाही!"

त्यांनी स्वतः टोपी घातली. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाल्या, "आता घरात तू एकटीच. मागच्या दाराला कडी लावू नकोस हं. त्याच्याकडे किल्ली कधीच नव्हती."

"नाही लावणार," मी म्हटलं.

गाडी वळणाआड गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले, आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवली.