मनकर्णाबाईंची जास्वंद

उंद्रीच्या वामनरावांना शेत, बैल आणि गडीमाणसं ठाऊक. उंबऱ्याच्या आतलं सगळं मनकर्णाबाईंचं. त्या उन्हाळ्यात मनकर्णाबाई न्हाणीत घसरल्या, पायाचं हाड मोडलं आणि चिखलीच्या डॉक्टरनं प्लास्टर घालून त्यांना खाटेवर टाकलं. स्वयंपाकाला भावजय येऊ लागली. ओसरीवर घासलेटच्या डब्यात लावलेल्या लाल जास्वंदीकडे मात्र कुणी बघेना.

"झाडाले पानी तेवढं घालत जा," मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

वामनरावांनी घातलं. सकाळी तांब्या, दुपारी तांब्या, आणि ऊन फार म्हणून संध्याकाळी बादलीच. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडून गळू लागली. पाणी कमी पडतंय असं समजून त्यांनी आणखी ओतलं. शेवटी नाइलाजानं खाटेजवळ आले.

"पानं पिवळी पडून राह्यली. काऊन पडत असतील?"

"मातीत बोट घालून पाह्यलं का?"

"बोट?"

"हाव, बोट. माती वली लागली त पानी नाही घालाचं. अन् डब्याच्या बुडाचं भोक बुजलं असंल. कपाशीत पानी साचलं त तुम्ही चर काढता, मंग इथंच काय झालं तुमाले?"

वामनराव मागं वळले. बाहेर येऊन त्यांनी डबा कलता केला, भोकात तार घातली, तसं काळं, कुजकट पाणी भळभळा वाहिलं.

गळती थांबली. नवी पालवीही फुटली. पण तिच्या पाठीला कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसू लागलं. त्यांनी एक पान खुडून आत नेलं. मनकर्णाबाईंनी ते उजेडाला धरलं.

"कीड आहे. साबणाचं पातळ पानी करा, अन् फडक्यानं एकेक पान पुसा. खालून. लेकराचं तोंड पुसल्यावानी, हलक्या हातानं."

"मी कवा पुसलं लेकराचं तोंड?"

"म्हणून त सांगून राह्यली."

वामनराव ओसरीवर मांडी घालून पानं पुसत बसले. तेवढ्यात त्यांचा जुना मित्र भगवानराव नव्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं बोलायला आला आणि पायरीवरच थबकला.

"काय बे वामन, झाडाले आंघोळ घालून राह्यला का?"

वामनरावांचे कान तापले. फडकं टाकून उठावं असं त्यांना वाटलं. आत खाट करकरली. मनकर्णाबाई ऐकत होत्या. वामनरावांनी फडकं पिळलं आणि पुढचं पान हातात घेतलं.

"पानं पुसून राह्यलो. तू बोल, मले ऐकू येते."

भगवानराव बसला. उमेदवारांची नावं घेता घेता मध्येच म्हणाला, "त्या वरच्या पानाखाली पुसाचं राह्यलं, पाह्य."

असं पुसणं दर चार-पाच दिवसांनी चाललं. कीड हटली, पानं हिरवीगार झाली. प्लास्टर निघाल्यावर मनकर्णाबाई भिंत धरत पहिल्यांदा ओसरीवर आल्या, त्या सकाळी फूल उमललं होतं. त्यांनी देवासाठी हात पुढे केला.

"राहू दे ना आजच्या दिवस," वामनराव चटकन म्हणाले. "देवाले कण्हेर वाहून दे."

"अवं, जास्वंद एकाच दिवसाची असते. सांजेले मिटून जाते."

हे त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ओसरीवर बसून माहीत नव्हतं. मग त्यांनीच देठ नखानं खुडला, फूल बायकोच्या ओंजळीत ठेवलं आणि तिचा दंड धरून तिला देवघरापर्यंत नेलं. शेतावर जायला त्या दिवशी त्यांना उशीर झाला.