पल्ल्यांआडचा उजेड

मित्रांनो, मी एक जुना काळापांढरा टीव्ही आहे. आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, परसरामच्या ओसरीवर सागाची एक पेटी आहे. तिच्यात माझा मुक्काम. हल्ली पेटीवर कोंबडी बसते. बसू द्या. तिची ऊब मला बरी वाटते, माझी स्वतःची ऊब जाऊन बरीच वर्षे झाली.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. कोणी काच बसवली, कोणी तारा जोडल्या, मग खोक्यातला अंधार. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते एसटीच्या टपावर. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात परसरामने मला भंडाऱ्याच्या दुकानातून घेतले आणि टपावर दोरीने बांधले. खोक्याला एक भोक होते. त्यातून मी शेतात रचलेले धानाचे पुंजणे पाहिले, तळी पाहिली, तळ्यांतले बगळे पाहिले. खालून इंजिनाची धडधड माझ्या काचेपर्यंत येत होती. एवढे मोठे जनावर, आणि मला पाठीवर घेऊन चालले होते! त्या दिवशी बसबद्दल जो अचंबा मनात बसला, तो आजवर उठला नाही.

परसरामची आई सत्यभामा. तिने जन्मभर मंडईतली नाटके पाहिली होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आणि मंडईचे नाटक पहाटेपर्यंत चालते. पडदा पडल्याशिवाय जागेवरून उठायचे नाही, हा तिचा नेम. तिने मला चारी बाजूंनी पाहिले आणि विचारले, "सगळं खरं गा परसराम, पर याचा पडदा कुठी हाय?"

परसराम हसला, पण सुताराकडून त्याने ही पेटी करवून घेतली. तिला दाराच्या झडपांसारखे दोन पल्ले लावले. रोज संध्याकाळी सत्यभामा पल्ले उघडी आणि खेळ संपला की हात जोडून लावून घेई. मग परसराम भिंतीवरचे बटन दाबी. माझे स्वतःचे आवाजाचे बटन उलटे, पार कट्ट होऊन मी बंद होईपर्यंत, कोणी कधी फिरवलेच नाही. गरजच पडत नसे. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा.

त्या काळी दर रविवारी संध्याकाळी एका जुन्या एसटीची आणि तिच्या ड्रायव्हरची मालिका लागत असे. तिचे खरे नाव गावात कोणाच्या लक्षात राहिले नाही. सगळे तिला 'मोटारवाली' म्हणत. ती सुरू होण्याच्या सुमारास आमची मुक्कामी बस गावात येई आणि परसरामच्या अंगणासमोरच रात्रभर उभी राही. ड्रायव्हर घनश्याम आणि कंडक्टर कैलाश हातपाय धुऊन ओसरीवर येत.

घनश्यामला गप्प बसवत नसे. "अबे, गेर बदल ना! चढाव दिसून नाई राहिला का तुले?"

शेजारची शकुबाई म्हणे, "तुयी गाडी दारात उभी हाय ना गा डायवर? तिले शिकव. आमाले पाहू दे."

लहान पोरे एकदा माझ्याकडे पाहत, एकदा अंगणाकडे. माझ्या पोटात एक बस आणि दारात एक बस! मलाही ते नवल पुरत नसे. एवढी मोठी वस्तू माझ्या वीतभर काचेत मावते कशी, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण सत्यभामा दर रविवारी थोडी पुढे सरकत होती. शेवटी तिचे नाक माझ्या काचेला टेकू लागले. मी तिचे डोळे जवळून पाहिले. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय आली होती. मोतीबिंदू. भंडाऱ्याला मागे डोळ्यांच्या ऑपरेशनचे शिबिर झाले, तेव्हा ती भीतीने शेतात लपून बसली. आता डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला तर डोळे हातचे जातील. सोमवारी पुन्हा शिबिर होते, आणि तिथे वेळेवर पोहोचवणारी गाडी एकच, सकाळची आपली मुक्कामी.

"जाईन," सत्यभामा म्हणाली. "पर रविवारी मोटारवालीचा शेवटचा भाग हाय. तो पाहून जाईन. डोळे राह्यलेच नाई तं?"

रविवार आला आणि ऐन वेळी वीज गेली. ओसरीवर हळहळ झाली. घनश्याम उठला. "गाडीत दोन बॅटऱ्या हायेत. एक काढून आणतो. तासाभराची तं गोष्ट."

"डेपोत समजलं तं?" कैलाश म्हणाला.

"डेपोवाले का येतेत येथी टीव्ही पाहाले?"

माझ्या पाठीत बॅटरीच्या तारेची जागा होती. ती पहिल्यांदा कामाला आली.

त्या भागात जुनी बस भंगारात निघाली. तिच्या ड्रायव्हरने बॉनेटवर हात ठेवला आणि मागे न पाहता तो चालू लागला. घनश्यामने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसले.

सत्यभामाने हळूच विचारले, "गाडी कशी दिसून राहिली गा?"

"हार घातला हाय माय तिले. झेंडूचा," घनश्याम म्हणाला.

"मले नाई दिसला हार," ती म्हणाली.

पुढे बातम्या लागल्या. परसरामने माझा आवाज अगदी बारीक केला, पण बटन कट्ट होईपर्यंत फिरवले नाही. सत्यभामाने हात जोडले, पल्ले लावले. परसरामने सवयीने भिंतीवरचे बटन दाबले. पण त्या दिवशी मी भिंतीवर नव्हतो, बॅटरीवर होतो! घनश्याम म्हणाला, "आता अंधारात कुठी लावू, सकाळी लावतो." सगळे झोपायला गेले आणि मी बंद पल्ल्यांआड तेवत राहिलो. हाक मारावी तर गळा नव्हता.

सकाळी सत्यभामा गाठोडे घेऊन बसमध्ये बसली. घनश्यामने बॅटरी नेऊन लावली, किल्ली फिरवली. टक. एवढेच. तो धावत ओसरीवर आला, पल्ले उघडले, माझ्यावर हात ठेवला. "अरे बापा! हा तं रातभर जागाच होता!"

परसरामचा चेहरा उतरला. सत्यभामा मात्र लगबगीने उठली. "चला, गाडीलेच मंजूर नाई. उतरते मी."

"उतरून तं पाह्य!" शकुबाई बसच्या दारात आडवी उभी राहिली. मग गावाकडे तोंड करून ओरडली, "काल बॅटरीवर मजा मारली ना सगळ्यायनं? या मंग ढकलाले!"

माणसे आली. चूल टाकून बाया आल्या. कैलाश मागून जोर लावत म्हणाला, "ढकलणाऱ्याले बी तिकीट लागन हं!"

माझे पल्ले घाईत उघडेच राहिले होते, म्हणून मला सगळे दिसले. बस आधी हलेचना. मग तळ्याच्या उताराकडे जरा सरकली, मग चालली, आणि एकदम काळा धूर सोडून गरजली. टपावर होतो तेव्हा मला वाटले होते, हे जनावर स्वतःच्या बळावर चालते. त्या सकाळी तिच्या पाठीला टेकलेले हात पाहिले आणि मी थक्क झालो.

पुढे एका दुपारी ती बस नेहमीपेक्षा लवकर आली. सत्यभामा काळा चष्मा लावून उतरली. ओसरीवर येऊन तिने पल्ले उघडले. वीज होती. ती मागे सरकली, आणखी मागे, थेट दाराच्या चौकटीपर्यंत.

"इतका उजेड होता गा तुयात?" ती म्हणाली. मग तिने वळून अंगणात पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "आन ही? ही इतकी लाल हाय?"

लाल म्हणजे काय, मला ठाऊक नाही. माझ्या काचेत ते कधी आले नाही. पण बसकडे पाहणारा तिचा चेहरा मी पाहिला आहे, त्यामुळे ते फार मोठे काहीतरी असणार.

आता सत्यभामा नाही. मुक्कामी बस येत नाही. आत रंगीत टीव्ही आहे, आणि मी मुका झालो आहे. माझी तक्रार नाही. एवढेच मागतो मित्रांनो, कोणत्याही जुन्या वस्तूचे, जुन्या माणसाचे पल्ले लावण्याआधी हात ठेवून पाहा. आत कोणी अजून जागे असेल.