तीन चॅनेलांचा दुजोरा

तीन दिवसांपासून चारुशीलाताईंचं डोकं उठलं होतं. तीस वर्षं अमरावतीच्या एका दैनिकात बातम्या तपासण्यात घालवल्या, निवृत्त झाल्या, आणि आता या वयात मोबाइल नाकाशी धरून यूट्यूबवरची गल्लीबोळातली चॅनेलं बघायची वेळ आली होती. एकेक नमुना होता. 'वऱ्हाड दणका'वाला तर बातमी सांगत नव्हता, भांडत होता. मागे ढोल, वर लाल अक्षरांत 'खळबळ', आणि दर वाक्याला "बघा, बघा मायबाप जनता!" बघा काय? कपाळ!

हे काम गळ्यात घातलं होतं कमलाकांतरावांनी. ते एका संस्थेचे सचिव. धारणीजवळ त्यांचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथली अधीक्षिका नीलम चांगली डाळ बाहेर विकते आणि पोरींना किडकी खाऊ घालते, अशी बातमी या चॅनेलांवर फिरत होती. संस्थेची बैठक तोंडावर आलेली. "ताई, तुम्ही पेपरातल्या. यातलं कोण विश्वासाचं, कोण तटस्थ, तेवढं लिहून द्या. बातमी खोटी असेल तर नीलम राहील, खरी असेल तर तिला घरी पाठवू. तुमचा शब्द शेवटचा," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. अकरा वर्षं त्या बाईने तिथे काढली होती. म्हणून तर ताई कागद-पेन घेऊन बसल्या होत्या.

'दणका'ला त्यांनी एका फटक्यात बाद केलं. दुसरं 'मेळघाट वार्ता'. ते नवरा-बायको मिळून चालवायचे, त्यात अर्धा वेळ पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यालाही भाव द्यायचं कारण नव्हतं. तिसरं 'निःपक्ष अकोला' लावलं आणि ताई सावरून बसल्या. हा माणूस शांत होता. आवाज चढवत नव्हता, कोणाला चोर म्हणत नव्हता. 'असा आरोप आहे' म्हणत होता. शेवटी 'अधीक्षिकांशी संपर्क साधला असता त्यांनी प्रतिसाद दिला नाही' हेही सांगत होता. चला, एकाला तरी रीतभात होती!

एरवी ही तिन्ही चॅनेलं एकमेकांना पाण्यात पाहायची. तीच आता एका सुरात बोलत होती, आणि त्यातलं एक तर इतकं सभ्य. ताईंनी लिहून दिलं : एक चॅनेल तटस्थ, तिन्हीकडून दुजोरा, वृत्त विश्वासार्ह. दोन दिवसांनी नीलमला काढल्याचं कमलाकांतरावांनी कळवलं.

काम संपलं, पण मन काही जागेवर येईना. अकरा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? आठवड्याने त्यांनी तिन्ही व्हिडिओ पुन्हा लावले. किडक्या डाळीचं ताट दिसतं, तिथे 'दणका'त ढोलाच्या मागे एक कोंबडा आरवला आणि कोणीतरी बाई "हाड" म्हणाली. 'वार्ता'त त्याच ताटाशी कोंबडा आरवला, बाई "हाड" म्हणाली. 'निःपक्ष'मध्येही तेच. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्रण एकच होतं, आणि त्यांनी ते तीनदा मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या 'निःपक्ष अकोला'च्या पत्त्यावर निघाल्या. पत्ता अकोल्याचा नव्हताच, मूर्तिजापूरचा निघाला. स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि संपादक ओमप्रकाश काउंटरच्या मागे कोणाच्या तरी फोनची काच बदलत बसलेला. माणूस मोठा अदबीचा. ताईंनी नाव सांगताच लगेच चहा मागवला.

"धारणीला केव्हा गेला होतात?" ताईंनी विचारलं.

"मी? मी काहून जाऊ म्याडम?" त्याला खरंच नवल वाटलं. "आमचा पत्रकाराइचा ग्रुप हाय. एक जन जाते, व्हिडिओ टाकते. मंग ज्यानं त्यानं आपला आवाज द्याचा, आपला लोगो लावाचा. सगळेच असं करून राह्यले. रोज धारणीले कोन जाईन? रस्ता पाह्यला का तुमी?"

"मग हा कोणी टाकला?"

त्याने फोन चाळला. "हा पाहा. वसतिगृहाले किराना देते न, त्या ठेकेदाराचा साळा. तिकडचा पत्रकार तोच हाय. त्या बाईनं त्याइची डाळ दोनदा वापस केली म्हने. लय चिडून होता."

"आणि 'संपर्क साधला असता प्रतिसाद दिला नाही', ते?"

"ते शेवटी लावाच लागते म्याडम. नाही तं बातमी एकतर्फी दिसते."

"अरे, एका बाईची नोकरी गेली!" ताई एवढ्या ओरडल्या की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला.

ओमप्रकाशचं तोंड उतरलं. "माह्यावर काहून चिडता? मी तं 'आरोप' म्हनलं. खरी हाय म्हनून तुमी लिहून देलं, तो कागद संस्थेतून आमच्या ग्रुपवर आला. आमी तं तुमच्यावर भरोसा ठेवला. हे पाहा, कालची बातमी. 'ज्येष्ठ पत्रकाराइचाही दुजोरा'. ग्रुपवर सगळ्याइनं लावली."

ताई दुकानाबाहेर आल्या. त्यांनी कमलाकांतरावांना फोन लावून सगळं सांगितलं. "ताई, नवीन बाई रुजूसुद्धा झाली," ते म्हणाले. "आता ठराव फिरवला तर संस्थेचं हसं होईल. आणि तुमच्याच शब्दावर तर केलं ना आपण!"

"नीलमचा नंबर द्या मला."

"पहिल्याच दिवशी पाठवला होता की, त्या लिंकांच्याच खाली."

ताईंनी निरोप उघडला. नंबर होता.

नीलमने पहिल्याच रिंगला उचलला. ती भातकुलीला वडिलांकडे, डोमाजींकडे आली होती. ताईंनी एका दमात सगळं सांगितलं : ग्रुप, ठेकेदाराचा साळा, आपली चूक. पुढच्या बैठकीत मी स्वतः उभी राहीन, म्हणाल्या. माफ कर, म्हणाल्या.

"म्याडम," नीलम म्हणाली, "डाळ वापस केल्याच्या दोन्ही पावत्या माह्यापाशी हायेत, ठेकेदाराच्या सहीच्या. मले सचिवसाहेबाइनं सांगितलं होतं का अमरावतीच्या म्याडम तपास करून राह्यल्या, त्या इचारतीन. मी तीन दिवस फोन हातातून खाली नाही ठेवला."