बऱ्या झाल्याबद्दल

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी साक्ष देतात. म्हणजे आठवडाभरात देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. लोक मोठमोठं सांगतात. कुणाचं पोरगं पास झालं, कुणाची दारू सुटली. माझ्या बाबाच्या साक्षी वेगळ्या. बाबा, म्हणजे सुका, बोईसरच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कंपनीत लोडर आहे. तो उभा राहून दोन्ही हात वर करायचा. त्या आठवड्यात कंपनीत जो रंग चालू असेल, त्या रंगाचे.

"बुधवारी माझी चप्पल तुटली."

"हालेलुया!" आई ओरडायची. आई म्हणजे लाडकी. तिचं हालेलुया कायम लवकर यायचं.

"थांब गं, अजून सांगून नाय झालं. कुठं तुटली? चप्पल शिवणाऱ्याच्या पुढ्यात!"

"मंग तू सांग की. मी काय तुझं तोंड धरलंय?"

पास्टर विश्राम डोळे मिटून दोघांचं आटपायची वाट बघायचे.

बाबा रस्त्यातही तसाच. रिक्षावाल्याला प्रेज द लॉर्ड, गेटवरच्या वॉचमनला प्रेज द लॉर्ड. वॉचमन उलट "राम राम" म्हणायचा आणि दोघं खूश व्हायचे. एकदा शिफ्टची बस हात दाखवूनही न थांबता गेली, तर बाबानं तिलाही प्रेज द लॉर्ड घातला. मी चार पावलं मागं चालायचो. स्टेशनाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करतो, लोक मला ओळखतात. वाढदिवस असेल तर फोटो रंगीत, श्रद्धांजली असेल तर काळा-पांढरा, एवढी माझी विद्या.

ऑगस्टमध्ये आईच्या किडन्या गेल्या. तिला पालघरला दवाखान्यात ठेवलं.

आता आमच्यात आणखी एक पद्धत आहे. देवाकडं काही मागितलं की ते मिळालंच असं धरून आधीच आभार मानायचे. वाट बघत बसलं तर तो विश्वास कसला? त्या रविवारी बाबा उभा राहिला, हात जांभळे, आणि म्हणाला, "माझी लाडकी बरी झाली."

टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी आभार उपासना ठरली, जेवणासकट. मंडळीतल्या गोजराबाईनं कोंबड्या सांगितल्या. मी दुकानात बसून दोन बॅनर केले: 'लाडकीताई बऱ्या झाल्याबद्दल आभार उपासना'. वर आईचा हसरा फोटो, रंगीत. एक हॉलवर लावला, एक नाक्यावर.

बाबानं दुपारी पालघरला जाऊन आईला सांगितलं, "मी आज सगळ्यांना सांगितलं, तू बरी झालीस."

आई नळ्यांतून त्याच्याकडं बघत राहिली. "बरं केलंस. मला कोणी कळवलं नव्हतं."

मग म्हणाली, "हालेलुया." एवढं एकदाच वेळेवर आलं.

मंगळवारी सकाळी ती गेली.

तिला गावी, डोंगराकडं न्यायचं होतं. गाडी लगेच मिळेना. शेवटी किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळी आणणारा एक छोटा टेम्पो मिळाला. बर्फाचं पाणी पुसून आत चटई टाकली. आईला सुकी मासळी एवढी आवडायची, की जिवंतपणीही ती हसत चढली असती. बाबा मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी पुढं ड्रायव्हरजवळ. त्याचं नाव रामकिसन.

रामकिसन खड्डा आला की गाडी जवळजवळ थांबवायचा. एक चाक उतरवायचा, मग दुसरं. दीड तासाच्या रस्त्याला तीन तास लागायची चिन्हं दिसायला लागली.

मी म्हणालो, "भैया, वो गुज़र गई हैं. तेज चलाओ."

"मालूम है," तो म्हणाला, आणि पुढचा खड्डाही तसाच उतरवला.

आमच्या शेताच्या कडेला तिला पुरलं. परतताना बाबा एकच बोलला. "माझ्या साक्षीनं देव खोटा पडला, भावेश. लोकांत त्याचं नाव गेलं. आता मी उभा नाय राहायचा."

"बाबा, देव सांभाळून घेईल."

"किती वेळा सांभाळील?"

त्याला देवाचा राग नव्हता आला. त्याला देवासाठी लाज वाटत होती. बुधवार ते शनिवार तो कामाला गेला नाही. वॉचमन घरी येऊन स्वतःहून "प्रेज द लॉर्ड" म्हणाला. बाबानं नुसती मान हलवली. मला आई गेल्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली. म्हणजे आई गेली ते गेलीच होती. हा चालता-फिरता जायला लागला होता.

रविवारी आभार उपासना झालीच. "सांगितलेल्या कोंबड्या परत कशा करू? माणसं जेवतील तरी," गोजराबाई रडत म्हणाली, आणि रडण्याचा आळ घालायला कांदे होतेच. हॉलवरच्या बॅनरवर मी 'बऱ्या झाल्याबद्दल' या शब्दांवर पांढरा कागद चिकटवला. फोटो काळा-पांढरा करायला हात उचलेना. बाबाला मी जवळजवळ उचलूनच आणलं. तो शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसला.

"साक्ष कोणाची?" पास्टर विश्रामांनी विचारलं. कोणी उठेना. त्यांनी विषय बदलला. "कोणी नवीन आलं असेल तर उभं राहून ओळख द्या."

दारात रामकिसन उभाच होता. हातात पिशवी. पिशवीत आईच्या चपला, टेम्पोत राहिलेल्या. त्याचा चेहरा पांढराफटक.

"मैं रामकिसन. टेम्पो चलाता हूँ. नाके पे बोर्ड देखा..." त्यानं आईच्या फोटोकडं बघितलं. "अम्मा ठीक हो गईं क्या?"

नाक्यावरचा बॅनर मी विसरलो होतो.

पास्टर विश्राम त्याला सांगायला पुढं झाले. मी जमिनीत जायची तयारी केली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "नाय रे बाबा. नाय झाली."

बाबा उठला होता.

"बसा तुमी. हा कोण हाय ते मलाच सांगाया लागंल." त्यानं रामकिसनच्या हातातनं पिशवी घेतली, आत बघितलं, छातीशी धरली. "मागल्या रविवारी मी सांगितलं लाडकी बरी झाली. ती नाय झाली. चूक माझी, देवाची नाय. ती साक्ष मी परत घेतो."

तो थांबला. बायकांच्या बाजूला, खिडकीजवळ, आईची जागा कोणी घेतली नव्हती. तो तिकडं बघत राहिला, आणि मला वाटलं, आता हा खाली बसेल आणि परत कधीच उठणार नाही.

"मंगळवारी," बाबा म्हणाला, "एक टेम्पो आला. मासळीचा..."

"हालेलुया," मी म्हणालो.

फार लवकर. आयुष्यात पहिल्यांदा, आणि आवाज फाटला. सगळ्यांनी वळून बघितलं. बाबानंही.

"थांब रे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे वाहायला लागले. "अजून सांगून नाय झालं."

मग त्यानं पिशवी माझ्याकडं दिली आणि दोन्ही हात वर केले. मंगळवारपासून कंपनीत गेला नव्हता. हातांना काही रंग नव्हता.

"किती खड्डे," तो म्हणाला, "आणि तिचं डोकं एकदाही हाललं नाय."