चौथ्या जोडावरचा सात

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा आकडा आहे. सात. उंचीने तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. वितळलेलं शिसं साच्यात ओतून मला घडवलं आणि माझ्या सगळ्या भावंडांसकट एका डबीत भरलं. त्या डबीचे मालक खालापूरचे दशरथ सर. कारखान्यांतल्या पाइपांचे वेल्डिंगचे जोड तपासणं हे त्यांचं काम. शिवाय कर्जतला भिसेगावात, एका भाड्याच्या खोलीत, ते हेच काम नव्या मुलामुलींना शिकवतात.

डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढतात ना, तसाच लोखंडाच्या जोडाचाही काढता येतो. जोडाच्या एका बाजूला फिल्म बांधायची, दुसऱ्या बाजूने किरण सोडायचे. जोडात चीर किंवा पोकळी असली, तर ती फिल्मवर काळी उमटते. शिशातून मात्र किरण सहजी जात नाहीत, म्हणून मी पांढरा उमटतो. मी ज्या जोडावर चिकटलो, तो सातवा जोड. पुढे कधीही फिल्म पाहिली, तरी ती कुठल्या जोडाची हे माझ्यावरूनच कळतं.

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी सर मला चिमटीत धरून म्हणायचे, “आधी आकडा, मग फिल्म. आकडा चुकला तर तुमचं सगळं काम पाण्यात.” मुलं माना डोलवायची आणि मी डबीत जाऊन भावंडांपुढे शेखी मिरवायचो. आता ते आठवलं, की तोंड कुठे लपवू असं होतं.

खालापूरजवळ लोणची आणि सॉस बनवणारा एक कारखाना आहे. तिथे वाफेचा नवा पाइप टाकला होता. त्यात आठ जोड होते. सर सातव्या जोडापाशी आले, तर तो जोड उंच छपराखाली, आणि तिथली परांची ठेकेदाराने आधीच उतरवलेली.

“परत बांधायची म्हणजे दोन दिवस गेले, सर,” ठेकेदाराचा माणूस योगेंद्र म्हणाला. “उद्या वाफ सोडायचीय. सगळे जोड एकाच वेल्डरनं केलेत. चांगलाच असणार.”

सर वळले ते थेट चौथ्या जोडाकडे. तो छातीएवढ्या उंचीवर होता आणि त्याची फिल्म आधीच निर्दोष आली होती. त्या चौथ्या जोडावर त्यांनी मला चिकटवलं. किरण आले. मी सवयीने ते अडवले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी बोलता आलं असतं, तरी मी बोललो नसतो. फिल्म इतकी सुरेख आली आणि तिच्यावर मी इतका ठळक दिसत होतो, की मला आधी आनंदच झाला.

तीन महिने गेले. सरांना त्या गोष्टीचा विसर पडला असावा, कारण नव्या तुकडीला सरावासाठी त्यांनी त्याच कारखान्याच्या फिल्मांचं पाकीट दिलं. तुकडीत कडावची हर्षला होती. तिने उजेडाच्या पेटीवर चौथी आणि सातवी फिल्म शेजारी ठेवली, मग एकीवर एक ठेवली आणि बराच वेळ तशीच वाकून बघत राहिली.

“सर, वेल्डिंगच्या ठिणग्यांचे तीन ठिपके दोनी जोडांवर हायेत. अगदी येकाच जागी.”

“असतात तसे. पुढची बघ.”

“पण येका जोडासारखा दुसरा नसतो, असं तुमीच शिकवलंत.”

हर्षलाने पाकिटावरचं कारखान्याचं नाव वाचलं आणि तिचा आवाज बदलला. “माझी आई हितंच पॅकिंगला हाय, सर. सातवा जोड कुठं हाय?”

मी टेबलावर उघड्या डबीत होतो. कुणीतरी झाकण लावा रे, असं मला झालं. सर खुर्चीत बसले. सगळ्या मुलांसमोर म्हणाले, “पॅकिंगच्या टेबलाच्या बरोबर वर, छपराखाली. तो जोड मी तपासलेलाच नाही.” मग त्यांनी कारखान्यात फोन करून वाफ बंद करायला लावली.

दोन दिवसांत परांची बांधली गेली. शिकाऊ मुलं धोक्याच्या दोरीबाहेर लांब उभी राहिली आणि सरांनी वर चढून मला माझ्या जागी चिकटवलं. फिल्म धुऊन झाल्यावर हर्षलाने ती उजेडापुढे धरली. मधोमध बोटभर लांबीची काळी सरळ रेघ होती. जोडाच्या मुळाशी वितळलेला धातू पोचलाच नव्हता; वाफेच्या दाबाने तो कधीही फुटला असता.

“आईला तुमी सांगाल, का मी सांगू?” एवढंच तिने विचारलं.

जोड कापून नव्याने केला, पुन्हा तपासला, तो चांगला निघाला. कारखान्याने सरांना परत कामाला बोलावलं नाही. मग सर कडावला गेले. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात होतो. हर्षलाची आई, सोनुबाई, गोठ्यातून हात धुऊन ओसरीवर आल्या. सरांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि सातव्या जोडाच्या खोटी आणि खरी अशा दोन्ही फिल्मा पुढे केल्या. सोनुबाईंनी त्या हातातही घेतल्या नाहीत.

“मला काय कळतंय त्यातलं, मास्तर? सोमवारी तिथं बसू का नको, तेवढं सांगा.”

“बसा” एवढा एक शब्द होता. तो म्हणायला सरांना फार वेळ लागला.

मित्रांनो, आम्हा आकड्यांना डबीत स्वच्छ ठेवलंत, पुसून ठेवलंत, तरी ती खरी काळजी नव्हे. आम्हाला जिथले तिथेच ठेवा. उद्या तुम्ही पूल तपासाल, पाळणा तपासाल, औषध तपासाल. जे पाहिलं नाही, ते पाहिलं म्हणून लिहू नका. ज्यांना त्यातलं काही वाचता येत नाही, ते तुमच्या शब्दावर विसंबून तिथे जाऊन बसतात.

सोमवारी सोनुबाई त्याच टेबलाशी जाऊन बसल्या. त्यांनी पुन्हा आमच्यावर विश्वास ठेवला, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.