गाल फुगवण्याचा खुलासा

धाकट्या भावाने नोटीस माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दादा, ही शिवी आहे की आजाराचं नाव, तेवढं सांग."

मी आयुष्यभर शब्दकोशाच्या कचेरीत काम केलं, त्यामुळे घरात कुणाचाही इंग्रजी शब्द अडला की तो माझ्याकडे येतो. भाऊ इस्पितळात वॉर्डबॉय. छातीच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तो 'बफूनरी' करताना मेट्रनबाईंना दिसला होता. सोमवारी येऊन खुलासा करावा, नाहीतर बदली कपड्यांच्या भांडारात.

"विदूषकी चाळे," मी म्हणालो. "माकडचेष्टा."

"मग खरंच आहे की!" तो हसला, पण हसू लगेच मावळलं. "भांडारात नको रे दादा. तिथे नुसत्या चादरी. त्यांच्याशी काय बोलू?"

सोबत एक माणूस न्यायची परवानगी होती. बायको म्हणाली, "तुम्हीच जा. एवढं लिहिता, कधी बोला तरी."

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. म्हणून मी लिहूनच काढलं. पाच पानं झाली. हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटालियनमधून; मुळाशी फुंकणं, गाल फुगवणं. जुने विदूषक गाल फुगवून लोकांना हसवत असावेत. 'असावेत' लिहावं की 'असत', यात माझा अर्धा दिवस गेला. वॉर्डात तू नेमकं काय केलंस, हे भावाला विचारायचं मात्र सुचलं नाही. त्याचे चाळे लहानपणापासून पाहत आलो होतो. मला वाटलं, माहीतच आहे.

सोमवारी खोलीत मेट्रनबाई होत्या आणि एक वयस्कर डॉक्टर. मी उभा राहिलो, वाचू लागलो. चौथ्या ओळीला श्वासच अडकला.

समोर भावाने गाल फुगवले. टम्म. डोळे मोठे केले आणि ओठांतून हळूहळू हवा सोडली. शाळेत कविता म्हणताना मी अडलो की खिडकीबाहेरून तो हेच करायचा. नकळत माझेही गाल फुगले. एकदा, दोनदा. छाती मोकळी झाली.

"हेच!" मेट्रनबाई म्हणाल्या. "पाच नंबरच्या खाटेपाशी हेच चाललं होतं!"

डॉक्टरांनी मान वर केली. "पाच नंबर? टाके दुखतात म्हणून दीर्घ श्वास घेतच नव्हते, ते आजोबा?"

"हो साहेब," भाऊ म्हणाला. "श्वास घ्या म्हटलं की माझ्यावर खेकसतात. मी बेडूक झालो की तेही होतात. मला हरवायचं असतं ना त्यांना."

"आणि हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"बाई, तेव्हा तोंडात हवा होती."

डॉक्टर खोकल्यासारखं काहीतरी करून खिडकीकडे वळले. मेट्रनबाईंनी नोटिशीखाली लिहिलं, 'खुलासा मान्य. वॉर्डातच ठेवावे.' मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "मी फेरीवर असताना तेवढं नको."

माझी पाच पानं कुणी मागितली नाहीत. मी ती घडी करून खिशात ठेवली.

जिना उतरताना भावाने विचारलं, "दादा, लिहिलं होतंस तरी काय एवढं?"

"या शब्दाचं मूळ. गाल फुगवणं."

तो पायरीवरच थांबला. "एवढ्याला पाच पानं?"